दहा हजारांपेक्षा अठराशे पन्नास मोठे!

मी कॉन्व्हेंटची. ‘एकोणसाठ’ ऐकलं की हातून 69 लिहिलं जातं! आमच्या मेसच्या मावशी मात्र सगळा हिशोब मराठीतच सांगतात. दोन महिने त्यांच्या वहीत माझ्यामुळे गोंधळ झाला, तेव्हा मीच म्हटलं, “मावशी, थांबा, तुम्हाला सॉफ्टवेअरच करून देते.” मिनी प्रोजेक्टही होईल आणि पापक्षालनही!

पीएचपी, मायएसक्यूएल आणि स्क्रीनवर जावास्क्रिप्ट. टेबलमध्ये सगळ्या रकमा व्यवस्थित इन्टिजर ठेवल्या. पहिल्याच दिवशी बिल 1850 अधिक फीस्टचे 150, उत्तर आलं 1850150. साडेअठरा लाखांचं श्रीखंड! सगळी मेस हसली, मीही हसले. दोन्ही रकमा मजकूर म्हणून आल्या होत्या आणि जावास्क्रिप्टमध्ये अधिकचं चिन्ह मजकूर नुसता जोडतं. तेवढ्या बेरजेपुरता इलाज केला आणि विसरले.

महिनाअखेरीस थकबाकीची यादी छापून बोर्डावर लावली. त्या रात्री फर्स्ट इयरची एक मुलगी पावती घेऊन रूमवर आली. “ताई, बाबांनी सोयाबीन विकून अख्ख्या सेमिस्टरचे दहा हजार भरलेत. लाइनीत सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.” ती न जेवताच परत आली होती.

मला काही सुचेना. डेटाबेसमध्ये तिचे 10000 बरोबर होते, बिल 1850 बरोबर होतं. मग तिची थकबाकी कशी?

पहाटे तीनला कळलं. दोन मजकुरांची तुलना जावास्क्रिप्ट शब्दकोशासारखी करतं, एकेक अक्षर. पहिला 1 सारखाच, मग 0 विरुद्ध 8. म्हणजे 10000 लहान! आणि जिने फक्त 950 भरले होते, ती 9 मुळे सुटली. टेस्टिंगला मी सगळ्या रकमा चार आकडी घेतल्या होत्या, त्यामुळे सापडलंच नाही. वेडगळ चूक सगळ्यांना दिसते हो, पण खरी वाटणारी चूक बोर्डावर लागते.

दोष टेबलचा नव्हता, आणण्याचा होता. साध्या क्वेरीचं उत्तर मायएसक्यूएल मजकुराच्या रूपातच पाठवतं. आमच्या सर्व्हरवरचं पीएचपी 7.4 पीडीओमधून ते तसंच हातात देतं. ‘एम्युलेट प्रिपेअर्स’ बंद केलं की खरी प्रिपेअर्ड स्टेटमेंट चालतात आणि इन्टिजर इन्टिजर म्हणूनच येतो. नोव्हेंबर 2021 च्या पीएचपी 8.1 पासून हे आपोआप होतं. डेसिमल मात्र अजूनही मजकूरच येतो आणि तो मुद्दाम. फ्लोट केला तर पैशांचा हिशोब बिघडू शकतो. जावास्क्रिप्टला 0.1 अधिक 0.2 विचारून बघा, नेमकं 0.3 येत नाही!

घाबरून मी आधी दिसेल त्याचा नंबर करून टाकला होता. तर तळमजल्यावरच्या रूम 007 ची झाली 7! रूम नंबर, मोबाइल नंबर दिसतात आकडे, पण त्यांची बेरीज कोण करतं? ते मजकूरच राहायला हवेत. जे ज्या रूपात ठेवलं, त्याच रूपात परत मिळालं पाहिजे, एवढंच.

सकाळी यादी काढली. त्या जागी माझ्या हस्ताक्षरात, माझ्या नावानिशी माफी लावली. मावशी म्हणाल्या, “पोरी, वहीतलं चुकलं तर खोडता येतं. चारजणींनी वाचलेलं कसं खोडायचं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी तिच्याशेजारी जेवायला बसले. ती फार बोलली नाही, पण उठताना माझंही ताट उचलून घेऊन गेली.

आता यादी लावण्याआधी पावत्यांशी ताडून बघते. आणि मावशींनी एकोणसाठ म्हटलं की विचारते, “म्हणजे पाच-नऊ ना?”

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी