काकूंचं गीतांचं पुस्तक



मागच्या चातुर्मासातली गोष्ट आहे. शिरगावात पाऊस नुसता कोसळत होता, कपडे वाळत नव्हते. अशा एका दुपारी समोरच्या दारातल्या काकूंनी बेल वाजवली. काकू मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. सगळी नोकरी नर्स म्हणून केली आणि निवृत्तीनंतर बदलापूरला आल्या. मराठी ख्रिस्ती घर. डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. म्हणाल्या, "अगं, संध्याकाळी दहा मिनिटं येशील का? मला गीतं वाचून दाखव. चाली पाठ आहेत, शब्द निसटतात."

मी लगेच हो म्हटलं आणि दार लावल्यावर विचारात पडले. गीतं म्हणजे चर्चमधली. आपण भक्तामर म्हणणारी माणसं. दुसऱ्या देवाची स्तुती तोंडाने म्हणायची, हे चालतं का? सासूबाईंना विचारलं, तर त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. आमच्या घरात याचा अर्थ 'नाही' असा होतो.

तरीही गेले. डोळ्यांनी अधू झालेल्या बाईला नाही कसं म्हणायचं?

पुस्तकाचं नाव 'उपासना संगीत'. पाठीला चिकटपट्टी, पानं पिवळी, मधे मधे पेन्सिलच्या खुणा. मला वाटलं होतं इंग्रजी गाण्यांची ओढूनताणून केलेली भाषांतरं असतील. तशीही आहेत. पण पानं उलटली तर समोर अभंग! देवाला, ख्रिस्ताला माउली म्हटलेलं, गुरू म्हटलेलं. आणि गीतामागून गीताखाली एकच नाव, ना. वा. टिळक.

हे नाव मी कुठे वाचलंय ते आठवायला रात्र गेली. सकाळी दूध तापवताना आठवलं. 'केवढे हे क्रौर्य'! शाळेत ही कविता होती. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेली पक्षीण पडत-उठत घरट्याकडे जाते, पिल्लांना शेवटचा घास भरवते आणि तिथेच मरते. आमच्या बाईंनी ती शिकवली तेव्हा मी बाकावर डोकं ठेवून रडले होते. घरी येऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली, लिहिणारा जैन असेल बघ. इतकी वर्षं माझ्या मनात तो कवी जैनच होता. आणि तो निघाला रेव्हरंड.

मग मी शोधून वाचायला लागले. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, चित्पावन ब्राह्मण घर. आपल्याला गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्यांचं लहानपण आपल्या कल्याणात गेलं, पहिली शाळा तिथलीच. आता कल्याणची लोकल पकडताना मला हे आठवतंच. पुढे नाशिकला संस्कृत शिकले. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या मिशनऱ्याची गाठ पडली. त्याने बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांना डोंगरावरच्या प्रवचनाने धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्याआधी मराठी चर्चमध्ये बरीचशी गाणी इंग्रजीवरून केलेली, परदेशी चालीत बसवलेली असत. नगरच्या कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींवर रचना केल्या होत्या, पण टिळकांनी तो रस्ता हमरस्ता केला. शंभराहून जास्त गीतं त्यांची. अभंग, ओव्या, कीर्तनातल्या चाली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. धर्म बदलला पण तुकोबा सुटला नाही. हे मला फार खरं वाटतं. माझी आजी सांगलीकडची, पक्की जैन. जात्यावर बसली की तीसुद्धा चारचौघींच्याच ओव्या म्हणायची. भाषेला कुठे सोवळं असतं?

या शब्दापाशी मात्र मी अडखळले, कारण पुढची गोष्ट सोवळ्याचीच आहे.

गीतं टिळकांची, पण त्यांची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. अकरा-बारा वर्षांची असताना लग्न झालेली मुलगी, तिला अक्षरओळख नवऱ्यानेच करून दिलेली. आणि तो एके दिवशी ख्रिस्ती झाला. त्या मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने नाशिक-पंढरपूरकडे राहिल्या. चार-पाच वर्षं नवरा एकीकडे, बायको एकीकडे. पुन्हा एकत्र आल्या तेव्हाही सोवळं लगेच सुटलं नाही. कसं सुटेल? त्यांचे वडील बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवून घेणारे. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण त्याआधी पाणी कुणाच्या हातचं प्यायचं यावर त्यांच्या मनाची जी ओढाताण झाली, ती 'स्मृतिचित्रे'त वाचा. १९३४ पासून चार भागांत निघालेलं हे पुस्तक म्हणजे हसता हसता रडवणारी गोष्ट आहे.

आता माझं सांगते. काकूंकडे गेले दहा दिवस जात होते आणि पाण्याचा एक घोट घेतला नव्हता. काकू विचारायच्या, मी म्हणायचे, "आत्ताच पिऊन आले." कारण खरं आहे. त्यांच्या ओट्यावर मासे शिजतात, आपलं पाणी गाळलेलं, तापवलेलं, आणि चातुर्मासात तर आपण जास्तच जपतो. यात अहिंसा आहेच. पण लक्ष्मीबाई वाचल्यावर प्रश्न पडला की माझ्या 'नको'त अहिंसा किती आणि सोवळं किती? हॉटेलात जाते तेव्हा शेजारच्या टेबलावर काय आहे ते मी बघते का? लग्नात मांडवाच्या मागे कोणती भांडी कुठे धुतात ते विचारते का? उत्तर मला आवडलं नाही. भादव्यात दशलक्षण पर्वात उत्तम मार्दव, उत्तम आर्जव म्हणताना ते पुन्हा पुन्हा टोचत राहिलं.

त्याच सुमारास काकूंच्या नातवाने मोबाइलवर 'अमेझिंग ग्रेस' लावलं. काकू म्हणाल्या, हे ज्याने लिहिलं तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता. मी वाचून पाहिलं, खरं होतं. जॉन न्यूटन. १७४८ मध्ये समुद्रात वादळात सापडला, देवाचा धावा केला, वाचला. सगळे इथेच थांबतात आणि डोळे पुसतात. पण त्यानंतरही १७५४ पर्यंत तो गुलामांची ने-आण करतच होता! गीत लिहिलं १७७२ मध्ये, आणि त्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे लिहायला १७८८ उजाडलं. मला हा उशीरच जास्त पटतो. प्रतिक्रमण आपण रोज करतो आणि तीच चूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा करतो. चाळीस वर्षं लागली तरी तो पोचला तरी.

मैत्रिणींनो, एक फरक मात्र लपवणार नाही. काकूंची गीतं मागतात. देवा, धर मला, सोडवून घे, क्षमा कर. आपले तीर्थंकर वीतराग, ते देत नाहीत आणि घेत नाहीत. आपण त्यांचे गुण आठवतो, ते आपल्यात यावेत म्हणून. भक्तामराची कथा घ्या. मानतुंगाचार्य अठ्ठेचाळीस कुलपांआड कोंडलेले, एकेक श्लोक होत गेला आणि एकेक कुलूप गळत गेलं असं सांगतात. त्यांनी सुटका मागितली नव्हती, फक्त स्तुती केली. हे मी काकूंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तुला मागायला कुणी नाही? मग रात्री कुणाला सांगतेस गं?" मला उत्तर देता आलं नाही. अजून नाही. माझी श्रद्धा त्याने हलली नाही, पण प्रश्न घरी घेऊन आले.

आणि सासूबाई? दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी 'स्मृतिचित्रे' मोठ्याने वाचायला घेतलं, मुद्दाम त्यांच्या खोलीच्या दाराशी बसून. पगार घरी येण्याआधी दान करून टाकणारा टिळकांचा स्वभाव आला, तशा आतून म्हणाल्या, "तुझे सासरे असेच होते." मग बाहेर येऊन बसल्या. नवरा धर्म बदलून गेला ते पान आलं तेव्हा सुपातले हात थांबले. "पोराला घेऊन राहिली होय ती," एवढंच म्हणाल्या.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत गेले. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य त्यांनी दहा-अकरा अध्यायांपर्यंत आणलं होतं. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला नवऱ्याने अक्षरं शिकवली तिने! हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मग पुस्तकावर नाव दोघांचं का?" मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

काकूंचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, आता त्या स्वतः वाचतात. मी तरी जातेच, सूर्यास्ताआधी जेवण आटोपून. पाण्याचं असं ठरलं आहे की सासूबाईंनी स्टीलचा एक नवा तांब्या आणि गाळायचं फडकं काकूंकडे ठेवायला दिलं. काकू आमचं पाणी त्यात गाळून, उकळून ठेवतात. त्यांच्या हातचं.

परवा सासूबाईंनी विचारलं, "त्या पक्षिणीची कविता त्यांच्या पुस्तकात आहे का?" नाही म्हटलं, ती वेगळी, शाळेतली. "मग काकूंना म्हणून दाखव," म्हणाल्या. आज संध्याकाळी त्याही माझ्याबरोबर येणार आहेत.