सांधा

‘सॉल्व्हंट सिमेंट’ हे नाव काहीसे फसवे आहे. ते सिमेंट नाही, आणि नीट पाहिले तर डिंकही नाही. डिंक दोन कागदांच्या मध्ये बसून दोघांना धरून ठेवतो. कागद कागदच राहतो आणि डिंक डिंकच. म्हणून तर लिफाफ्यावरचे तिकीट वाफेवर धरले की सुटते. पीव्हीसीच्या नळीला लावतात त्या द्रवाची गोष्ट निराळी. त्यातला टेट्राहायड्रोफ्युरान किंवा सायक्लोहेक्झॅनोनसारखा द्रावक दोन्ही भागांचा पृष्ठभागच विरघळवतो. मऊ झालेले थर एकमेकांत शिरतात, द्रावक उडून जातो आणि मागे राहते ते एकसंध प्लॅस्टिक. सांधा म्हणून बोट ठेवावे अशी रेघच उरत नाही. मग सोडवायचे तरी काय?

आमच्या मध्य प्रदेशातील लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागात मी ३६ वर्षे हिशेबाच्या बाजूला काढली. नर्मदेचे पाणी १९७८ मध्ये इंदूरला पोहोचले, त्यानंतर काही वर्षांनी मी नोकरीला लागलो. बिडाचे नळ, शिसे, ताग यांची देयके माझ्या टेबलावरून जात. त्या सांध्याची रीत साधी होती. एका नळाच्या रुंद तोंडात दुसऱ्याचे टोक घालून भोवती ताग ठोकायचा, वर वितळलेले शिसे ओतायचे आणि थंडावल्यावर छिन्नीने दाबून बसवायचे. उघडायची वेळ आली की शिसे तापवून किंवा कोरून निघे आणि पुन्हा वितळवून कामी येई. घरातल्या लोखंडी नळांचे आटे सूत आणि सफेदा लावून आवळत. पाना लावला की कुरकुरत का होईना, ते सुटत. पुढे पांढऱ्या नळ्या आल्या. हलक्या, स्वस्त, न गंजणाऱ्या. बसवणाऱ्याचे काम दोन मिनिटांचे झाले. उघडणाऱ्याचा विचार मात्र त्या अंदाजपत्रकात कोठे दिसत नसे.

हे सारे आठवायला निमित्त झाली आमच्या दादांची माशांची टाकी. दादा शाळेत विज्ञान शिकवीत. निवृत्तीनंतर, २०११ साली, त्यांनी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकीच उंच टाकी घरीच बांधली. सुमारे अडीचशे लिटर पाणी मावते. मागच्या काचेला, काठाच्या चार बोटे खाली एक भोक आहे. त्यात बसवलेल्या टँक कनेक्टरमधून पाणी खालच्या गाळणीच्या पेटीत उतरते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. पाण्याचा एक थेंब जमिनीवर पडता कामा नये, असा दादांचा बाणा. म्हणून प्रत्येक एल्बो, प्रत्येक जोड सॉल्व्हंट सिमेंटने पक्का केलेला. अकरा वर्षे खरोखरच एक थेंब पडला नाही. २०२२ मध्ये दादा गेले. पाच गोल्डफिश आणि टाकी वहिनींकडे राहिली.

गेल्या दिवाळीआधी रंगाऱ्यांनी शिडी सरकवली आणि ती मागच्या एल्बोवर आदळली. चढती आणि उतरती नळी एकाच पट्टीने आवळलेली. वरचा धक्का खालपर्यंत गेला. वर एल्बो तडकला, खाली पंपाजवळची नळी चिरली. वहिनींनी चटकन पंप बंद केला. टाकीतले पाणी भोकापर्यंत उतरून थांबले आणि मासे वाचले.

पण वाचले ते घटकाभर. गाळणीतल्या सच्छिद्र कड्यांवर वाढणारे जिवाणू माशांच्या अंगातून सुटणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पाणी खेळते नसले, प्राणवायू मिळाला नाही, की काही तासांत ते मरू लागतात. नव्याने वाढायला महिना-दीड महिना जातो. तेवढ्यात मासे आपल्याच विषाने जातील. त्या कड्या टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवून त्यात हवेची नळी सोडली, दुसरी टाकीत सोडली. एक-दोन दिवसांची मुदत मिळाली.

पुतण्याने पुण्याहून फोनवर सांगितले, “काका, कुणाला तरी देऊन टाका आता.” वहिनी ऐकत होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, “भाऊजी, द्यायचे असतील तर मासे खुशाल द्या. पण फुटलं म्हणून देऊ नका.”

मिस्त्रीने पाहिले आणि मान हलवली. “बाबूजी, ये तो एक हो गया. अब काँच समेत बदलो.” त्याचे पहिले वाक्य शास्त्रशुद्ध होते. कनेक्टर बदलणेही सोपे नव्हते. आतल्या बाजूला, मासे ओढले जाऊ नयेत म्हणून, काचेची छोटी पेटी सिलिकॉनने चिकटवलेली. तिच्यात हात जात नाही. बाहेरून पाना लावून जोर करावा तर भोकाभोवतीची काच तडकायची.

अशा वेळी ठरवायचे ते एवढेच की दोहोंपैकी कोणावर पाणी सोडायचे. आमच्या कचेरीच्या हिंदीत त्याला ‘अपलेखन’ म्हणत. नळी दहा-वीस रुपयांची. कनेक्टर गेला तर टाकीच गेली. म्हणून नळीचे अपलेखन.

एल्बोच्या अलीकडे नळी कापली. कनेक्टरबाहेर अर्धा बोट तुकडा उरला. नवी जोडणी चढेल इतकाही नाही. त्यावर, कनेक्टरच्या ओठाला लागून, पेन्सिलीची बारीक रेघ होती. नळी किती खोल जावी याची दादांनी केलेली खूण. चौदा वर्षांत ती पुसली नव्हती.

काचेजवळ गरम हवा नेणे धोक्याचे, एकाच जागी तापलेली काच तडकते. तेव्हा हॅक्सॉचे नुसते पाते घेतले, एका टोकाला फडके गुंडाळले आणि नळीच्या आतून तिच्या लांबीच्या दिशेने चिरा पाडायला सुरुवात केली. नळी पांढरी, कनेक्टर राखाडी. चिरेच्या तळाशी राखाडी रंग दिसला की हात थांबवायचा. चार चिरांना दोन तास लागले. मग बारीक स्क्रू ड्रायव्हर कडेला टेकवून हलके ठोकले, तशा ढलप्या आत वळून मोडू लागल्या. काही सरळ निघाल्या, काहींनी जीव काढला. शेवटी बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून आतून घासले. मिस्त्री निघून न जाता शेजारी बसून टॉर्च धरत होता.

पंपाच्या तोंडावरचा अडॅप्टर आटे असल्याने हाताने फिरवून निघाला. तो वेगळ्या मापाचा. सियागंजातल्या दुकानांतून तसा मिळाला नाही. येथे काच नव्हती, म्हणून उष्णता चालली. पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. अडॅप्टरला बाहेरून ओले फडके गुंडाळले आणि हीट गनची हवा नळीच्या तुकड्यात आतून सोडली. हे गच्चीवर केले. पीव्हीसी करपले तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, आणि उघड्या ज्योतीचे तर नावच नको. नळीची कड चामड्यासारखी झाली तशी पक्कडीने धरून आत वळवली. सालपटासारखी ती सोलून आली. अडॅप्टरचा आकार बिघडला नाही.

नव्या जोडणीत दोन्ही ठिकाणी युनियन बसवले. मिस्त्री म्हणाला, एवढे कशाला, खर्च वाढतो. वाढला, काही शेकडा रुपये. दोन्ही नळ्यांमध्ये हातभर लवचीक नळीही घातली. सांधे चोवीस तास सुकू दिले, आतून धुतले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंप सुरू केला. पाचही मासे वर आले.

वहिनी थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “आवाज जरा मोठा आहे. पूर्वी असा नव्हता.” मी युनियन हातानेच सैल केले, नळीचे तोंड दोन बोटे खाली घेतले आणि पुन्हा आवळले. त्या म्हणाल्या, “हं, आता असू द्या.”