पाठांतर आणि परीक्षा

कळमेश्वरच्या संत्र्याच्या बागांतून मृगबहाराचीं फळें उतरूं लागतात, त्याच सुमारास दहावीची परीक्षा येते. झाडाला पाण्याचा ताण किती द्यावा आणि तो केव्हां तोडावा, हें बागवानाचा मुलगा घरीं पाहूनच शिकलेला असतो. परीक्षेसाठीं मात्र तो गाईडमधील ठराविक उत्तरें घोकीत बसतो.

पाठांतराला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पावकी-निमकी तोंडपाठ असलेला जुना दुकानदार क्षणांत हिशेब करी. पाठ केलेलें त्याच्या जन्मभर कामास येई. आजचें घोकलेलें शेवटच्या घंटेबरोबर विसरावयाचें असतें. मुलांची तक्रार कष्टांविषयीं नाहीं, त्यांच्या व्यर्थतेविषयीं आहे.

अध्यापन परीक्षेच्या दावणीस बांधलें गेलें आहे, हा दोष विद्यापीठ आयोगानें १९०२ सालींच दाखविला होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही घोकंपट्टीवरच बोट ठेविलें. निदान जुनेंच आहे. औषध प्रश्नपत्रिकेंत पडावयास हवें. ताण केव्हां तोडावा व कां, असा एक प्रश्न तींत घालून पाहावा. कळमेश्वरचा मुलगा तो घोकल्यावांचून सोडवील.