चौथ्या क्रमांकाचा माणूस

फेब्रुवारी संपत आला की बेल्जियममधल्या गेंट शहराला ताप चढतो. बाहेर थंडी असते, पाऊस तिरका पडत असतो, लेये आणि स्खेल्डे या दोन्ही नद्या काळपट दिसतात. तरीही बेकरीच्या रांगेत, ट्रामच्या थांब्यावर, ऑफिसातल्या कॉफीच्या यंत्रापाशी माणसं एकाच गोष्टीबद्दल बोलतात. शनिवारी ‘ओमलोप हेट निउसब्लाड’ असते. फ्लँडर्समधल्या सायकल शर्यतींचा हंगाम या एकदिवसीय शर्यतीने उघडतो. ‘हेट फोल्क’ या गेंटच्या वृत्तपत्राने १९४५ साली ती सुरू केली. २००९मध्ये शर्यतीचं नाव बदललं. वयस्कर मंडळी अजून जुन्याच नावाने तिची आठवण काढतात.

पुण्या-नाशिकहून शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाला हे शहर तसं लवकर आपलंसं करतं. गेंटमध्ये २००९पासून दर गुरुवारी शाकाहारी जेवणाचा प्रचार चालतो. गुरुवारचा उपवास पाळणाऱ्या घरातून आलेल्याला ते पाहून बरं वाटतं. २०१७मध्ये शहराच्या मध्यभागातून आरपार जाणाऱ्या मोटारींना बंदी झाली, तेव्हापासून रस्ते सायकलींचेच झाले आहेत. महिन्याभरात नवखाही सायकलवर बाजारहाट करायला लागतो. सायकलची शर्यत मात्र त्याला कळत नाही. सव्वाशे-दीडशे माणसं पाच तास एकत्र जातात आणि शेवटी एकजण पुढे येतो, एवढंच त्याला दिसतं. त्यात संघाचं काय काम, हा प्रश्न तो मनातच ठेवतो.

उत्तर बहुधा सोमवारी दुपारी मिळतं. फ्लेमिश ऑफिसात जेवण म्हणजे घरून आणलेले लोणी-चीज लावलेले पावाचे तुकडे, फार तर एक वाटी सूप. त्या टेबलावर पोळी-भाजीचा डबा उघडून बसलेल्या माणसाला आदल्या शनिवारच्या शर्यतीचं शवविच्छेदन ऐकावंच लागतं. त्याच्या लक्षात येतं, की ही मंडळी विजेत्याबद्दल फार थोडं बोलतात. अमक्याने दहा किलोमीटर आधी जोर का लावला, तमका मागे का बसून राहिला, संघाच्या गाडीतून काय सांगितलं होतं, हेच चाललेलं असतं.

सगळ्याचं मूळ वाऱ्यात आहे. सपाट रस्त्यावर वेगात जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. दुसऱ्याच्या मागे चिकटून जाणाऱ्याचे कष्ट बरेच कमी होतात. लुव्हेन आणि आइंडहोव्हनच्या विद्यापीठांत तेव्हा काम करणाऱ्या बर्ट ब्लोकेन या प्राध्यापकांनी २०१८ साली १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या पोटात असलेल्या स्वाराला, एकट्याने जाताना सोसावा लागतो त्याच्या जेमतेम ५ ते १० टक्के हवेचा विरोध सोसावा लागतो, असं त्यात दिसलं. म्हणजे पुढे जाणारा माणूस स्वतः थकून मागच्याचे पाय ताजे ठेवतो. तो पुढचा आपल्या संघातला असेल तर मागच्याची चैन आणि परक्या संघातला असेल तर चैनच चैन. शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये सगळी भांडणं ‘पुढे कोण राहणार’ या एका प्रश्नावरून होतात.

हे समजून घ्यायला २०१५ची ओमलोप पुरेशी आहे. तेव्हा शर्यत गेंटमध्येच संपायची. २८ फेब्रुवारीच्या त्या दुपारी चारजण सगळ्यांना मागे टाकून शहराकडे निघाले होते. त्यातले तिघे एटिक्स-क्विकस्टेप या बेल्जियन संघाचे होते. टॉम बोनन, ज्याने तोपर्यंत टूर ऑफ फ्लँडर्स ही शर्यत तीनदा आणि पॅरिस-रूबे ही शर्यत चारदा जिंकली होती. निकी टर्पस्ट्रा, आदल्या वर्षीचा पॅरिस-रूबेचा विजेता. आणि स्टाइन व्हँडनबर्ग, इथून जवळच्याच औडेनार्दचा, जवळपास दोन मीटर उंचीचा गडी. चौथा होता ब्रिटिश संघ ‘स्काय’चा इयन स्टॅनर्ड. आदल्या वर्षी हीच शर्यत जिंकून महिन्याभरात तो गेंट-वेव्हेलगेम या शर्यतीत पडला होता आणि पाठीचा मणका मोडून घेतला होता. तो आता पुन्हा पुढच्या गटात होता, एकटा.

तिघे विरुद्ध एक. हरायचं तरी कसं?

मागून दुसऱ्या संघांचे सेप व्हॅनमार्क आणि ग्रेग व्हॅन अॅव्हरमाट पाठलाग करत होते, म्हणून पुढच्या गटाला वेग ठेवणं भाग होतं. तिघांचा संघ असल्यावर ते काम तिघांचंच. स्टॅनर्डने पुढे यायला साफ नकार दिला आणि त्याचं काहीच चुकलं नाही. ज्याचा एकही साथीदार जवळ नाही, त्याने प्रतिस्पर्धी संघासाठी वारा का कापावा? अशा रीतीने संख्येने मोठा संघ काम करत राहिला आणि एकटा माणूस त्यांच्या आडोशाला बसून शहरापर्यंत आला.

आता डाव टाकायची वेळ आली. अशा प्रसंगी चालीचा हिशोब आपल्या खो-खोसारखा असतो: एकाने पळवून दमवायचं, तो थांबायच्या आत दुसऱ्याने उठायचं, पळणाऱ्याला श्वास घ्यायला क्षणभरही द्यायचा नाही. एकाने मुसंडी मारली की स्टॅनर्डला ती भरून काढावीच लागणार. तो पोचतो न पोचतो तोच दुसऱ्याने निघायचं, मग तिसऱ्याने. तिसऱ्या खेपेला एकटा माणूस मोडतोच.

पण पहिली मुसंडी बोननने मारली. चौघांतला सगळ्यात वेगवान स्प्रिंटर तोच होता. चौघे एकत्र शेवटच्या रेषेपर्यंत आले असते, तर जिंकण्याची सगळ्यात जास्त शक्यता त्याचीच होती. त्याने जपून बसायचं आणि बाकीच्या दोघांनी स्वतःला जाळायचं, असा डाव असायला हवा होता. बोनन निघाला, स्टॅनर्ड दात-ओठ खात हळूहळू त्याच्यापर्यंत पोचला आणि बोननचे पाय खर्ची पडले. मग टर्पस्ट्रा निघाला, स्टॅनर्डने तेही अंतर भरून काढलं. आणि त्यानंतर जे कुणाच्याच हिशोबात नव्हतं ते घडलं: स्टॅनर्डनेच मुसंडी मारली. टर्पस्ट्रा तेवढा त्याला चिकटू शकला, बोनन आणि व्हँडनबर्ग मागे राहिले. दोघांच्या स्प्रिंटमध्ये स्टॅनर्ड जिंकला. टर्पस्ट्रा दुसरा, बोनन तिसरा, व्हँडनबर्ग चौथा.

ओमलोप बोननला कधीच जिंकता आली नाही, हे इथल्या लोकांना आजही टोचतं. २०१२मध्ये याच शहरात व्हॅनमार्कने त्याला स्प्रिंटमध्ये हरवलं होतं आणि २०१५ची संधी तर हातात आलेली होती. त्या दिवशी संघाकडे ताकद होती, अनुभव होता, कानातल्या रेडिओवर गाडीतून बोलणारी माणसं होती. कमी होती ती एका गोष्टीची. शहरात शिरण्याआधी तिघांपैकी कोण हरणार, हे पक्कं ठरलेलं दिसत नव्हतं.

संघाचे व्यवस्थापक होते पॅट्रिक लेफेव्हर, आणि असा निर्णय घेण्याची त्यांना सवय नव्हती असं नाही. १९९६च्या पॅरिस-रूबेत ते मापेइ संघाच्या गाडीत होते. त्या वर्षी संघाचे तिघे, योहान म्युझेव, जियानलुका बोर्तोलामी आणि आंद्रेआ ताफी, इतके पुढे निघून गेले होते की चौथा कुणी शर्यतीत उरलाच नव्हता. कोणी जिंकायचं? लेफेव्हरनी मिलानला फोन लावला. मापेइ कंपनीचे मालक जॉर्जो स्क्विन्झी यांनी क्रम सांगितला: म्युझेव पहिला. शेवटाकडे म्युझेवचं चाक पंक्चर झालं, तर बाकीचे दोघे त्याच्यासाठी थांबले. रूबेच्या वेलोड्रोममध्ये तिघे एकत्र शिरले आणि ठरल्या क्रमाने रेषा ओलांडून गेले. दुसरा बोर्तोलामी, तिसरा ताफी.

या निकालाबद्दल अजूनही दोन मतं आहेत. प्रेक्षकांची फसवणूक झाली असं म्हणणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ताफीकडे पाहिलं की दुसरी बाजूही दिसते. १९९८मध्ये मापेइने पुन्हा पहिले तिन्ही क्रमांक घेतले, तेव्हा तो दुसरा आला. १९९९मध्ये तिसऱ्यांदा तेच झालं आणि त्या वेळी ताफी पहिला होता. बोर्तोलामीला रूबे कधी मिळाली नाही. २००१मध्ये टूर ऑफ फ्लँडर्स मिळाली, तीही दुसऱ्या संघाकडून. दिलेलं परत मिळेलच याची हमी कुणी देत नाही, तरीही माणसं देतात. पैशांच्या बाबतीतला रिवाजही असाच आहे. जिंकलेल्या बक्षिसाची रक्कम साथीदारांत वाटली जाते. विजेत्यांच्या यादीत मात्र एकच नाव लागतं.

संख्येचा उपयोग नीट झाला तर काय होतं, ते २०१४च्या पॅरिस-रूबेत याच टर्पस्ट्राने दाखवलं होतं. शेवटच्या टप्प्यात पुढे दहा-अकराजण होते. फॅबियन कान्सेलारा, पीटर सागान, जॉन डेगेनकोल्ब असे एकाहून एक. टर्पस्ट्राच्या संघाचे तिघे त्यात होते: तो, बोनन आणि झ्डेनेक श्टिबार. सुमारे सहा किलोमीटर उरले असताना टर्पस्ट्रा निघाला. त्याचा पाठलाग करायचा तर बोननला आणि श्टिबारला आयतं ओढून न्यावं लागणार होतं. कुणी हललं नाही. प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात टर्पस्ट्रा वीस सेकंद पुढे निघून गेला. बोनन दहावा आला. त्याने काही केलं नाही असं निकालाच्या कागदावरून वाटेल. खरं तर मागे तो होता म्हणूनच बाकीच्यांचे पाय अडखळले.

पण या सगळ्यात ज्याच्याबद्दल लिहायला हवं तो माणूस व्हँडनबर्ग आहे. २०१४ची टूर ऑफ फ्लँडर्स संपली औडेनार्दला, म्हणजे त्याच्या जन्मगावी. मोक्याच्या वेळी तो आणि व्हॅन अॅव्हरमाट दोघेच पुढे होते. व्हॅन अॅव्हरमाट जीव तोडून पुढे ओढत होता आणि व्हँडनबर्ग त्याच्या मागे नुसता बसून होता. मागून बोनन आणि टर्पस्ट्रा येऊ शकतील, म्हणून ओढायचं नाही, असा संघाचा आदेश. ते आले नाहीत. कान्सेलारा आणि व्हॅनमार्क आले, चौघे झाले, आणि रेषेवर कान्सेलारा जिंकला. व्हँडनबर्ग चौथा. वर्षभराने ओमलोपमध्येही चौथाच. आपल्या गावात, आपल्या लोकांसमोर, आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत समोर असताना एखाद्याने दुसऱ्यांसाठी पायडल हलकं ठेवावं, याला काय लागतं ते टीव्हीवर दिसत नाही. सोमवारच्या टेबलावर व्हॅन अॅव्हरमाटची बाजू घेणारे असतात तसे याचीही बाजू घेणारे असतात, आणि डबा घेऊन बसलेला परदेशी तिथेच पहिल्यांदा तोंड उघडतो. आदेश कुणी दिला, हा त्याचा प्रश्न असतो. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात वाढलेल्याला तो चटकन सुचतो.

हीच चर्चा २०२१च्या सप्टेंबरात सगळ्या देशाने केली. विश्वविजेतेपदाची शर्यत तेव्हा अँटवर्पहून निघून लुव्हेनला संपली. या स्पर्धेत व्यावसायिक संघ नसतात, स्वार आपापल्या देशाकडून उतरतात. कानात रेडिओही नसतो. जे ठरवायचं ते सुरू होण्याआधी किंवा चालत्या सायकलवर शेजाऱ्याला ओरडून. बेल्जियमने वाउट व्हान आर्टला नेता ठरवलं होतं. एकवीस वर्षांच्या रेम्को एव्हेनेपुलने फार लांबून शर्यत पेटवली आणि मग नेत्यासाठी कितीतरी वेळ पुढे ओढत राहिला. शेवटी व्हान आर्टचेच पाय संपले. फ्रान्सचा ज्युलियाँ आलाफिलिप एकटा निघून गेला, ३२ सेकंदांनी जिंकला. लुव्हेनचाच यास्पर स्टॉइव्हन घरच्या गर्दीसमोर चौथा आला, पदकाच्या एक पायरी खाली. काही दिवसांनी एव्हेनेपुलने टीव्हीवर सांगितलं, की आपल्यात जिंकण्याइतकी ताकद होती. त्यावरून जे वादळ उठलं त्यात जुना महान सायकलपटू एडी मर्क्सपासून शेजारच्या बेकरीवाल्यापर्यंत प्रत्येकाचं मत होतं.

या वादात एव्हेनेपुलची बाजू लंगडी होती. ताकद असणं आणि ती कुणासाठी वापरायची हे मान्य करणं, या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्याने दुसरी मान्य करून सुरुवात केली होती. पण निवड करणाऱ्यांची चूक अधिक मोठी होती. एकाच माणसावर सगळं लावल्यावर त्याचे पाय जड आहेत हे कळेपर्यंत उशीर झाला आणि दुसरा डाव तयार नव्हता.

पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या वुलोंगॉन्ग शहरात झालेल्या विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत बेल्जियमने व्हान आर्ट आणि एव्हेनेपुल दोघांनाही मोकळीक दिली. २५ सप्टेंबर २०२२ला ती शर्यत संपली तेव्हा बेल्जियममध्ये रविवारची सकाळ होती. एव्हेनेपुल पुढच्या गटातून एकटा निसटला आणि दोन मिनिटांहून जास्त अंतराने जिंकला. त्याच्या पाठलागात व्हान आर्टने एकदाही जोर लावला नाही. मागच्या गटात दुसऱ्यांच्या मागे बसून राहिला, आणि एवढा नावाजलेला वेगवान स्वार सोबत असताना त्याला आयतं रेषेपर्यंत न्यायला बाकीचे तयार होईनात. त्या गटाच्या स्प्रिंटमध्ये क्रिस्तोफ लापोर्त आणि मायकल मॅथ्यूज पुढे राहिले. व्हान आर्ट चौथा आला.