ड्रॉवरमधल्या गोळ्या

आपाच्या लघवीचा कल्चर रिपोर्ट हातात आला आणि मी हॉस्पिटलच्या जिन्यातच बसलो. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे जवळजवळ प्रत्येकासमोर 'आर'. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही. मेरोपेनेमसमोरही आर.

आपाला चार वर्षांपूर्वी अम्मीची किडनी बसवली. शरीरानं ती नाकारू नये म्हणून तिला रोज टॅक्रोलिमस घ्यावं लागतं. ही औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, त्यामुळे लघवीचा संसर्ग सहज होतो आणि थेट बसवलेल्या किडनीपर्यंत चढू शकतो. या वेळी थंडी वाजून ताप आला, उलट्या झाल्या, क्रिएटिनिन वाढलं. इकडे निगडीच्या घरी अम्मी जानमाजवरून उठत नव्हती. एकच म्हणायची, "मेरे कने देने कू अब दुसरी किडनी नई."

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. जंतू नेहमीचाच, ई. कोलाय. पण त्याच्याकडे एनडीएम नावाचं एन्झाइम होतं, मेरोपेनेमसारखी औषधं तोडून टाकणारं. 2008 मध्ये ते स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या जंतूत सापडलं. तो आधी दिल्लीत दाखल होता, म्हणून एन्झाइमच्या नावात नवी दिल्ली आली. कोलिस्टिन देता आलं असतं, पण ते किडनीलाच इजा करू शकतं.

मग दोन इंजेक्शनं एकत्र द्यायचं ठरलं. अ‍ॅझट्रिओनाम हे 1980च्या दशकातलं औषध. एनडीएमला ते तोडता येत नाही. पण अशा जंतूंकडे बहुतेक वेळा आणखीही एन्झाइम असतात, ती त्याला तोडतात. सेफ्टाझिडीम-अ‍ॅव्हिबॅक्टम या दुसऱ्या इंजेक्शनमधलं अ‍ॅव्हिबॅक्टम त्यांना जखडून ठेवतं. एकानं पहारेकऱ्याचे हात धरायचे, दुसऱ्यानं आत शिरायचं. लॅबमध्ये आधी हे तपासलं. दोन्ही औषधांच्या चकत्या प्लेटवर जवळजवळ ठेवल्या, तर दोघांच्या मधल्या पट्ट्यात जंतू वाढलेच नाहीत. "दोन औषधं म्हणजे दुप्पट ताकद असं समजू नका," डॉक्टर म्हणाले, "याच जंतूला ही जोडी लागते."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. 14 दिवस इंजेक्शनं चालली. अब्बांची एक ठेव मोडावी लागली.

अब्बा पिंपरीच्या एच. ए. कंपनीत होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, स्थापना 1954, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभा राहिलेला सरकारी कारखाना. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून तिथं पेनिसिलिन काढत. 'हमारी कंपनी की दवा' हे त्यांनी आयुष्यभर अभिमानानं सांगितलं.

आपा घरी आली त्या रात्री अब्बांनी टीव्हीखालचा ड्रॉवर उघडला. अर्ध्या अर्ध्या पट्ट्या. सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम, लाल रेघ असलेल्या. लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. पण दुकानदार ओळखीचा, नाव सांगितलं की गोळ्या मिळायच्या. सर्दीलाही घेतल्या. आपाला जळजळ झाली की कल्चर न करता आम्हीच दोन दिवस द्यायचो. आपाचा जंतू या ड्रॉवरनंच घडवला असं म्हणणार नाही, तो हॉस्पिटलातूनही आला असेल. पण गरज नसताना घेतलेल्या प्रत्येक गोळीनं साधे जंतू मरतात आणि चिवट उरतात, हे अब्बांना मला सांगावं लागलं नाही. त्यांनी पट्ट्या पिशवीत भरल्या आणि एवढंच म्हणाले, "बनाने में उमर गई, और हमनेच खराब करी."

दोन महिन्यांनी आपाच्या रिपोर्टमध्ये पुन्हा जंतू दिसले. मी घाबरून इंजेक्शनं मागितली. डॉक्टरांनी नकार दिला. ताप नाही, जळजळ नाही, दुखत नाही, क्रिएटिनिन जागेवर. प्रत्यारोपणाला वर्षं झालेल्या रुग्णाला त्रास नसताना नुसते जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक द्यायचं नसतं. दिलं तर पुढच्या खऱ्या आजारात ते उपयोगी पडणार नाही. मी वाद घातला आणि हरलो. आपा आजही ठीक आहे.

रमजानमध्ये ती रोजा ठेवत नाही, फिदिया देते. दुपारी सगळे झोपलेले असतात, ती स्टीलची बाटली घेऊन खिडकीत बसते आणि घोटघोट पाणी पिते. अम्मी अधूनमधून उठून बाटली हलवून बघते, किती उरलंय. रिकामी झाली असेल तर भरून ठेवते आणि मग पुन्हा आडवी होते.