घरौंदा

आमच्या दुर्गाघाटावरच्या घरात दिवाळीला दोन वास्तू उभ्या राहत. चौकाच्या पूर्वेला आम्हा भावांचा किल्ला आणि पश्चिमेला, जिन्याच्या कडेला, ताईचा घरौंदा. किल्ल्याची चाल आजोबांबरोबर वाईहून आली होती. घरौंदा इथला, काशीचा. माती मात्र दोन्हींना एकच लागे, आणि ती आणण्यासाठी आम्ही तिघे भावंडे एकत्रच घाट उतरत असू.

गंगा पावसाळ्यात घाटांच्या पायऱ्या गिळते आणि आश्विनात पाणी उतरू लागले की त्यांच्यावर गाळाचा जाड थर ठेवून जाते. पुढे कित्येक आठवडे हा गाळ पाण्याच्या झोताने पुन्हा नदीत लोटण्याचे काम चालते. करड्या रंगाची, हाताला लोण्यासारखी लागणारी ती माती आम्ही घमेल्यात भरून वर आणायचो. ती वाळली की तडकते, म्हणून तिच्यात भुसा आणि शेण कालवावे लागते. किल्ल्याला तडे गेले तरी चालत. किंबहुना त्यांना आम्ही खिंडी म्हणत असू. घराच्या भिंतीला तडा गेलेला ताईला खपत नसे.

तिने पहिला घरौंदा केला ते साल १९६० च्या आसपासचे असावे. ती नऊ वर्षांची होती. पूर्व उत्तर प्रदेशात आणि बिहारात दिवाळीला कुमारिका अंगणात मातीचे छोटे घर बांधतात, ही गोष्ट या पृष्ठांच्या वाचकांस सांगावयास नको. पण ते घर कसे असते हे सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. ताईचे घर दुमजली असे. पुढे ओसरी, बाजूने जिना, वर गच्ची आणि गच्चीला कठडा. भिंतींवर चुना, चुन्यावर गेरूची आणि निळीची वेलबुट्टी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आत लक्ष्मी-गणेशाच्या मातीच्या मूर्ती बसत, दारात डोक्यावर दिवे घेतलेली ग्वालिन उभी राही, आणि पुढ्यात कुल्हिया-चुकिया, म्हणजे अंगठ्याएवढी बोळकी, ओळीने मांडली जात. त्यांत लाह्या, बत्तासे आणि साखरेचे हत्ती-घोडे भरायचे.

आजीला हे मुळीच पसंत नव्हते. "आपल्यात हे नाही," एवढेच ती म्हणाली. वाई सोडून तिला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. भाजीवाल्याशी ती अस्सल बनारसी बोलीत भांडत असे. पण 'आपल्यात' या शब्दाची वेस तिने कृष्णेच्या काठावर आखली होती ती तिथेच होती. आई सासूपुढे बोलणाऱ्यांपैकी नव्हती. तिने गेरूची वाटी ताईकडे सरकवली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. निकाल लागला तो शेजारच्या चाचींमुळे. त्या ओसरीवर येऊन आजीला म्हणाल्या, "माताजी, बिटिया घरौंदा न भरेगी तो भइया का घर कैसे भरेगा?" नातवांचे घर भरण्याचा प्रश्न आल्यावर आजीचा विरोध मावळला.

मराठी मुलींचा खेळ भातुकलीचा. जुन्या मराठीत 'भातुके' म्हणजे खाऊ. तेव्हा आमच्या खेळाचे नाव अन्नावरून पडले आणि हिंदी प्रदेशातल्या खेळाचे घरावरून, असे मला पूर्वी वाटे आणि त्यावर मी वर्गात दोन-चार ठाशीव वाक्येही बोलत असे. पुढे वात्स्यायनाच्या बालोपक्रम प्रकरणात मुलींच्या खेळांची यादी वाचनात आली. तिथे फुले वेचणे आणि माळा गुंफणे यांच्या पाठोपाठ गृहक, बाहुलीचा खेळ आणि भात शिजवणे अशी तिन्ही नावे शेजारी-शेजारी आहेत. माझी ठाशीव वाक्ये त्या दिवशी निकालात निघाली. घरकुल हा शब्द तर मराठीचाच; तो आता सरकारी योजनांनी उचलला. घरौंद्याचेही असेच झाले: भीमसेन यांच्या १९७७ च्या हिंदी चित्रपटाने ते नाव मुंबईत खोली शोधणाऱ्या एका जोडप्याच्या कथेला दिले. खेळातल्या घराचे नाव न मिळणाऱ्या घराला चपखल बसते, हे त्यातले मर्म.

आमच्या शेजारात रीत अशी होती, की घरौंदा भरणारीने त्यातले काही खायचे नाही. ती बोळकी भावांसाठी. ताई पहाटे आम्हा दोघांना पाटावर बसवी आणि एकेक बोळके आमच्या ओंजळीत उपडे करी. मी साखरेचा हत्ती सोंडेकडून खात असे. ताईच्या तोंडाकडे आपण कधी पाहिले होते का, हे आज आठवू गेल्यास आठवत नाही.

किल्ल्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तो दरवर्षी रायगडच असे. मावळे इथल्या कुंभारांकडे मिळत नसत, म्हणून वडील लाल पगडीचे मातीचे शिपाई आणून त्यांच्या पगड्या भगव्या रंगाने रंगवीत. आणि दरवर्षी, न चुकता, १६७४ मध्ये ज्यांनी महाराजांना राज्याभिषेक केला ते गागाभट्ट याच काशीचे, असे सांगत. सांगताना त्यांची मान किंचित ताठ होई. काशीतल्या मराठी माणसाला आपण इथे उपरे नाही हे स्वतःला पुनःपुन्हा पटवावे लागते; त्यासाठी दशाश्वमेध पेशव्यांनी बांधला, विश्वेश्वराचे मंदिर अहल्याबाईंनी उभारले, ही उजळणी चालू असते. ताईला ही उजळणी कधी करावी लागली नाही. तिचे घर चौकात होते.

वर्षांमागून वर्षे गेली तसे तिचे घरौंदे आमच्याच घरासारखे दिसू लागले. आमचे घर पक्का महालातल्या इतर घरांसारखे: चुनारचा दगड, लखौरी विटा, मध्ये विहिरीसारखा खोल चौक आणि चौकाच्या तोंडावर माकडांना अडवणारी लोखंडी गजांची जाळी. लग्नाआधीच्या दिवाळीला, म्हणजे १९७१ मध्ये, तिने केलेल्या घरौंद्यात चौक होता आणि त्यावर खराट्याच्या काड्यांची जाळी होती. चाची हसल्या, घरौंद्यात कुठे माकडे येतात म्हणाल्या. जिन्याच्या पायऱ्या तिने मोजून केल्या होत्या: एकोणीस. वळणावरची अकरावी पायरी खऱ्या घरात अरुंद होती. तिथेही ती अरुंद होती.

घर वडिलांनी स्वतःच्या मिळकतीतून घेतलेले. १९७८ च्या पुरात गंगेची पातळी काशीत ७३.९० मीटरवर चढली, इथे नोंदली गेलेली ती सर्वांत मोठी. आमच्या खालच्या भिंतीला तेव्हा भेग पडली. आई आधीच गेली होती. १९८० मध्ये वडील गेले, आणि दोन वर्षांनी आम्ही भावांनी घर विकायचे ठरवले. धाकट्याला कानपूरला जागा घ्यायची होती, मला विद्यापीठाच्या बाजूला, लंकेकडे.

इथे कायद्याविषयी थोडे लिहावे लागते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा दिला. मात्र त्याच अधिनियमाच्या २३ व्या कलमात असे होते, की कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी पुरुष वारस करू म्हणेपर्यंत मुलीला ती मागता येणार नाही. आणि सासरी नांदणाऱ्या मुलीला त्या घरात राहण्याचा हक्क नाही. ते कलम २००५ मध्ये रद्द झाले. म्हणजे ताईला घर वाटून मागता येत नव्हते, पण आम्हाला ते विकायचे तर तिची सही लागत होती. या विसंगतीवर मी त्या वेळी बोट ठेवले असते, तर आज हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. मी हक्कसोडपत्र तयार करवून घेतले.

ताई जबलपूरहून भाऊबिजेला आली. तिने आम्हाला ओवाळले. मी तबकात एक साडी आणि एकशे एक रुपये घातले. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन तिने सही केली. वाचून पाहा म्हटले, तर म्हणाली, "तू वाचलंयस ना?" परत येताना गल्लीच्या तोंडाशी थांबून तिने एवढेच विचारले, की जिन्याखालच्या कोनाड्यातली तिची लाकडी भातुकली अजून आहे का. ती खोजवाँकडच्या कारागिरांची: चरकावर लाकूड फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढायचा. जाते, पाटा-वरवंटा, हंडा-कळशी. मी काढून दिली. तिने ती पिशवीत घातली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. ते वाटे तिला दिले असते तर काय झाले असते, याचा हिशेब मी त्यानंतर अनेकदा केला. आकडा दरवेळी निराळा येतो.

गेल्या दिवाळीला माझी नात पुण्याहून आली ती एक चपटे खोके घेऊन. आत लाकडाच्या पातळ, यंत्राने कापलेल्या पट्ट्या, त्यांवर क्रमांक, गोंदाची नळी, कापडाचे तुकडे आणि चित्रांची पुस्तिका: बाहुलीघराचा संच. पाश्चात्त्य देशांत हा मोठ्यांचाही छंद आहे, आणि तो जुना आहे. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या श्रीमंत गृहिणीचे सतराव्या शतकाच्या अखेरचे बाहुलीघर आहे; ते मुलांच्या खेळण्यासाठी नव्हतेच. ज्या लट्येन्सने दिल्लीचे व्हाइसरॉय भवन बांधले, त्यानेच १९२१ ते १९२४ या काळात राणी मेरीसाठी एकास बारा या प्रमाणात एक घर रचले. ते विंडसरला आहे. त्याच्या नळांना पाणी येते, आणि ग्रंथालयात किपलिंग, कॉनन डॉयल अशा लेखकांनी पाठवलेली इवलीशी हस्तलिखित पुस्तके आहेत. काशीतही आता घरौंदे बाजारात तयार मिळतात, पुठ्ठ्याचे, पत्र्याचे, थर्माकोलचे. त्यांची चेष्टा करण्याचा मोह मला होत नाही. गल्लीतल्या कोणत्या घरात आज अंगण उरले आहे?

नातीचा संच एकास चोवीस प्रमाणाचा होता. आम्ही तीन संध्याकाळी त्यावर घालवल्या. मुलगा गोंद लावी, सून पडदे शिवी, आणि मी चष्मा कपाळावर चढवून क्रमांक शोधी. त्या घरात न्हाणीघरात टब होता, भिंतीवर परदेशी शहराचे चित्र होते, देवघर नव्हते. नातीने आगपेटीचे देवघर केले. चौथ्या दिवशी ताई आली. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार, तरी ती जमिनीवरच बसली. घराकडे बराच वेळ पाहून तिने विचारले, "वर जायचं कुठून?"

खरेच जिना नव्हता. पुस्तिका उलटसुलट पाहिली, संचातच नव्हता. वरची खोली नुसती वर होती.

मग तिने पिशवीतून ती लाखेची भातुकली काढली. चाळीस वर्षांहून अधिक काळ ती जबलपूरला तिच्या कपाटात होती. तिच्या पोटी दोन्ही मुलगे, खेळायला कोणी नव्हते. नातीने हंडा उचलून घरात ठेवून पाहिला. तो टबाहून मोठा झाला. पाटा पलंगाच्या जागी बसेना. नात हसत सुटली, ताईही हसली, आणि ते जाते, तो वरवंटा घराबाहेर अंगणात मांडायचे ठरले. अंगण म्हणजे आमच्या दिवाणखान्यातली सतरंजी.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी लंकेच्या बाजारातून बोळकी आणि लाह्या-बत्तासे आणले होते. ताईने नातीला ती भरायला शिकवले. सकाळी नातीने विचारले, आता ही कोणाला द्यायची? तिला भाऊ नाही. मी पुढे होऊन काहीतरी सांगणार होतो, की चुलतभाऊ आहे, त्याच्यासाठी ठेवू. तेवढ्यात तिने पहिले बोळके स्वतःच्या तळहातावर उपडे केले आणि साखरेचा घोडा तोंडात टाकला.

ताईने माझ्याकडे पाहिले नाही. तिने दुसरे बोळके मुलीपुढे सरकवले.

"आत्याआजी, तू घे ना," नात म्हणाली.

ताईने एक बत्तासा घेतला. तो तिने चवीने, सावकाश खाल्ला. मग पदराला हात पुसून तिने खोक्यातल्या उरलेल्या पट्ट्या मागितल्या आणि मोजू लागली. एकोणीस भरतील इतक्या त्या नव्हत्या.