भंडाऱ्याचा पिवळा

सोमवती अमावस्येला जेजुरीच्या गडावर भंडारा उधळला जातो, तेव्हा कॅमेऱ्यामागच्या माणसाला दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. एक लेन्स, दुसरा लाल चॅनल. लेन्सबद्दल फार सांगायला नको. वर प्लॅस्टिक, पुढे फिल्टर, गडावर लेन्स बदलायची नाही, पुढे-मागे सरकताना हवा आत ओढणारी झूम शक्यतो घरी ठेवायची, आणि हळद बसलीच तर ओल्या फडक्याने पुसायची नाही, ब्लोअरने उडवायची. आमच्या क्लबातल्या नव्या सभासदालाही एका आउटिंगमध्ये हे कळतं. लाल चॅनलचं मात्र सांगून सांगून कळत नाही, आणि मी स्वतः इतकी वर्षं त्याच एका जागी अडून बसलो आहे.

उन्हातला भंडारा फ्रेममध्ये आला की लाल वरच्या टोकाला भिडतो आणि निळा तळाला जाऊन बसतो. दोघांकडेही सांगण्यासारखं काही उरत नाही. कणाकणातला फरक दाखवायचं सगळं काम एकट्या हिरव्यावर येऊन पडतं. त्यात कॅमेऱ्याच्या पाठीवर दिसणारा पांढरा हिस्टोग्राम म्हणजे तिन्हींची गोळाबेरीज, आणि तीत हिरव्याचं वजन सर्वांत जास्त. लाल केव्हाच उडालेला असतो आणि आलेख सांगत असतो की सगळं जागेवर आहे. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगळे लावायचे. रॉ काढत असलात तरी पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवायची, कारण तो आलेख जेपेगवरून काढलेला असतो आणि ‘व्हिव्हिड’मध्ये तो खोटं बोलतो. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर बांधून टाकायचा. ऑटोला एवढा पिवळा दिसला की तो त्यात निळा ओततो आणि हळद आजारी दिसायला लागते. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली.

एवढं सगळं करूनही भंडारा हाती लागत नाही, हीच खरी अडचण आहे. रंग येतो, हळद येत नाही. पिवळा सपाट बसतो, भिंतीला ऑइलपेंट फासल्यासारखा. भंडारा ही भुकटी आहे. ती हवेत तरंगते, दगडावर साचते, माणसाच्या अंगाला चिकटते, आणि या तिन्ही ठिकाणी तिचं रूप वेगळं असतं. पालखीला खांदा दिलेल्या एका म्हाताऱ्याचा चेहरा मी अगदी जवळून टिपला होता. कपाळावरच्या आठ्यांत घामाने भिजलेला भंडारा तांबूस झाला होता, भुवयांच्या केसांवर कोरडा होता तिथे फिका, कानाच्या पाळीमागे सावलीत जवळजवळ हिरवट, आणि गालावरून हात फिरला होता तिथे नुसता डाग. एका चेहऱ्यावर हळदीचे इतके पिवळे असतात. ते वेगवेगळे दिसले तरच ती हळद. त्या प्रिंटमध्ये भुवईवरचा कण न् कण मोजता येतो. मला आयुष्यात जो काही मान मिळाला त्यातला बराचसा त्या भुवईमुळे मिळाला, आणि तो मला आवडतो. प्रदर्शनाला मी आजही लवकर जातो, त्या प्रिंटपासून थोडा दूर उभा राहतो आणि कोण किती वेळ थांबतं ते पाहतो. कुणी नाक काचेला लागेल इतकं पुढे वाकलं की माझा दिवस चांगला जातो.

कण हवा असेल तर उजेड बाजूने किंवा समोरून घ्यावा लागतो. पाठीवर ऊन घेऊन काढलेला भंडारा मेलेला असतो. पालखी निघते तेव्हा ऊन बहुधा डोक्यावर, म्हणजे तीही सोय नाही. मग दीपमाळेचा काळा दगड मागे घ्यायचा. काळ्या बेसाल्टपुढे उडालेला कण दिसतो, आकाशापुढे विरघळतो. शटर हजाराच्या आसपास ठेवला तर कण थांबतात, सव्वाशेवर आणला तर त्यांचा धूर होतो. क्लबात यावरून दोन तट आहेत. मी हजारवाला. धूर काढणाऱ्यांना मी विरोध करत नाही, पण धूर कशाचाही असू शकतो.

यंदा उन्हाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा उजेड आत येऊ देत नाही, हे मी नव्या सभासदांना फिल्टर समजावताना उदाहरण म्हणून सांगत असे. पट्टी निघाल्यावर घरी आलो, डावा डोळा झाकून खिडकीतून पाहिलं, मग उजवा झाकून पाहिलं. समोरच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर एका डोळ्याला पांढरी होती, दुसऱ्याला जुन्या कागदाच्या रंगाची. मग उठून भिंतीवरच्या त्याच चेहऱ्यासमोर उभा राहिलो. म्हाताऱ्याचं मुंडासं मी पांढरं समजत होतो. ते पांढरं नव्हतं. त्यावर फिकट पिवळी झाक होती, सगळीकडे सारखी. ती हळदीची नव्हती, छपाईत आलेली होती.

आमच्या क्लबात एक कॉलेजातली मुलगी येते. ती बहुतेक फोटो फोनवर काढते, रॉमध्ये काढते आणि चांगले काढते. मागच्या हिवाळ्यात मासिक बैठकीत तिने सर्वांसमोर विचारलं होतं, “काका, यांचं मुंडासं पिवळं ठेवलंय ते मुद्दाम का?” मी म्हणालो होतो, “अगं, तिथला उजेडच तसा असतो.” ती गप्प बसली. मला राग प्रश्नाचा आला नव्हता. माझ्या रंगाबद्दल फोनवाल्या मुलीने विचारावं याचा आला होता. ऑपरेशननंतर मी तिला फोन करून घरी बोलावलं आणि प्रिंट दाखवली. ती म्हणाली, “मुंडासं सोडा काका, भुवई बघा ना.” प्रिंट मी भिंतीवरून उतरवलेली नाही, उतरवणारही नाही. रंगाबद्दलचं माझं मत एका डोळ्याने बदललं. कणाबद्दलचं दोन्ही डोळ्यांचं मत एकच आहे.

मग कुठला पिवळा खरा मानायचा? स्लाइडचे दिवस आठवणारे आमचे ज्येष्ठ सभासद वेल्व्हियाची साक्ष काढतात. १९९०ची ती फिल्म मीही जिवापाड वापरली. पण तिचा पिवळा हळदीचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. आणखी मागे जा. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्यात भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. त्या काळची रसायनं फक्त निळ्या उजेडाला जागी होत. तेव्हा कुणी गडावर कॅमेरा नेला असता तर उधळलेला भंडारा काळा उमटला असता. माझ्या मॉनिटरवरचा पिवळाही शेवटचा नाही. चांगल्या इंकजेटची पिवळी शाई जे दाखवू शकते त्यातलं काही एसआरजीबीच्या कुंपणाबाहेर असतं, म्हणजे साध्या पडद्यावर ते दिसतच नाही. फोटो पडद्यावर पाहून कागद वाया गेला म्हणणाऱ्यांनी एकदा कागदच पाहावा.

आता कागद फारसं कुणी पाहत नाही. स्पर्धांना फायली जातात, परीक्षक काही सेकंदांत गुण देतात, आणि काही सेकंदांत ओरडतो तोच रंग निवडला जातो. त्यामुळे जेजुरीचे बक्षीसपात्र फोटो एकमेकांसारखे होत चालले आहेत. ओवऱ्यांवरून खाली पाहणारा कोन, वर गेलेले हात, मध्ये पिवळा ढग, विकत घेतलेला प्रीसेट. काही ठिकाणी तर पैसे देऊन माणसं उभी करतात, भंडारा पुन्हा उधळायला लावतात, प्रकाश बरा मिळाला नाही म्हणून. हे मला सहन होत नाही. माणूस खंडोबापुढे उधळतो ते त्याचं देणं आहे, आपल्या फ्रेमसाठी नाही. नावापुढे फोटोग्राफीच्या सन्मानाची अक्षरं लागावीत म्हणून तेच फोटो देशोदेशी पाठवण्यात काय मिळतं, हेही मला कळत नाही. अक्षरं मलाही हवी होती, नाही असं नाही. पण ती मिळवलेल्यांच्या भंडाऱ्यात मी अजून कण शोधतो आहे.

शिवाय भंडाराही आता एकसारखा नसतो. भेसळीच्या तक्रारी जेजुरीत होत असतात. अस्सल हळदीला उबदार, किंचित तांबडी छटा असते. नुसत्या रंगाची भुकटी लिंबाकडे झुकते. खऱ्या हळदीतलं कर्क्युमिन अतिनील उजेडात हिरवट पिवळं चमकतं, आणि उन्हात ठेवलं तर उडून जातं. म्हणजे या वर्षीच्या फोटोतला पिवळा मागच्या वर्षीच्या आठवणीवरून ठरवता येत नाही. फोटो घरी येईपर्यंत डोळा विसरतो, आणि माझ्या डोळ्यांचं तर सांगितलंच.

म्हणून क्लबापुढे माझी एक मागणी आहे, आणि जेजुरीला जाणाऱ्या इतर सर्वांनाही तीच विनंती. गडावरून उतरताना त्या दिवसाच्या भंडाऱ्याची एक चिमूट कागदाच्या पुडीत बांधून आणा. पुडीवर तारीख टाका आणि ती अंधाऱ्या कपाटात ठेवा. प्रिंट निघाली की दुपारी खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, ती चिमूट प्रिंटच्या शेजारी मांडा. हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली हे करू नका, तिथे जुळलेला पिवळा खिडकीशी जुळत नाही. आणि रंग ठरवायला निदान एक तरुण माणूस बरोबर घ्या. माझा डावा डोळा दिवाळीनंतर व्हायचा आहे. तोपर्यंत माझ्या प्रिंटचा रंग ती मुलगी ठरवते आहे, एक्स्पोजर मी.